काट्याच्या खाली

पत्रादेवीच्या पंपावर माझी पाळी दोनला लागते.
त्या सुमाराला बांद्याकडून येणाऱ्या गाड्या
बहुतेक वासावर चाललेल्या असतात.
तिकडे लिटरमागे चार पैसे जास्त,
म्हणून इन्सुलीच्या उतारावर इंजिन बंद करून
हद्दीपर्यंत ओढून आणतात लोक.
काटा तांबड्या रेघेच्याही खाली,
झाकण फिरवलं की आतून सुस्कारा येतो.
‘फुल्ल कर गे,’ म्हणतात मग,
जणू सबंध गोवा विकत घेतायत.

तोरशाचा मिंगेल पोदेर रोज साठाचंच घालतो.
एकदा म्हटलं, भरून टाक ना एकदाची,
तर म्हणाला, पावसुद्धा मी उद्याचे आज भाजत नाही.
विमानतळावरचा टॅक्सीवाला विश्राम काटा अर्ध्यावर आला की हजर.
त्याची गाडी एकदा वारखंडच्या चढावर बंद पडली
आणि मागच्या सीटवरचा माणूस बॅग डोक्यावर घेऊन
विमानाच्या दिशेनं पळत सुटला.
ते पळणं विश्रामच्या डोळ्यांतून अजून गेलेलं नाही.
सगुण शववाहिका चालवतो. तो मात्र
दिवा लागून दोन दिवस झाल्याशिवाय येत नाही.
‘कोणाक घाय आसा?’

हसते मी. हसायला पगार कापत नाहीत.

माझा बाप म्हापशाला पायलट होता.
पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल,
टाकीखाली, डाव्या मांडीशी, बोटाएवढी चावी:
चालू, बंद, राखीव.
गाडी अडखळली की न बघता त्याचा हात खाली जायचा,
टक्,
मागे बसलेल्याला पत्ताही लागायचा नाही
की आता आपण उरल्यासुरल्यावर चाललोय.
घरातही तसंच. महिन्याच्या पंचवीस तारखेला
आई तांदळाच्या डब्यात हात घालायची,
आणि तो आतल्या खोलीतून विचारायचा,
‘आसा मगो?’
आसा, म्हणायची ती. असायचंही.

बोडगेश्वराच्या जत्रेवरून परत येताना
कोलवाळच्या पुलावर गाडी अडखळली.
हात खाली गेला. चावी आधीच राखीववर होती.
मागच्या खेपेला भरलं तेव्हा
परत फिरवायला विसरला होता बाप,
राखीव कधीच संपून गेलं होतं
आणि आम्ही आपले मजेत, खाजं खात.
त्यानं गाडी आडवी केली, कान लावला,
हलवली, पुन्हा कान लावला.
खाली शापोऱ्याचं पाणी, तेवढाच आवाज.
मग ढकलत निघालो. मी मागून, चपला हातात घेऊन.
बरंच अंतर तो काही बोलला नाही.
धारगळ जवळ आल्यावर म्हणाला,
‘संपतं त्याचं काही नाही गे बाय.
भरल्यावर चावी परत फिरवायची, तेवढं विसरायचं नाही.’

आता चाव्या नाहीत. दिवा लागतो.
दिवा लागल्यावर किती जाते,
हे दिवसातून दहा जण मला विचारतात.
कोणी चाळीस सांगतो, कोणी साठ,
एकानं बेळगावहून आलो म्हणून शपथ घेतली.
मी विचारते, जायचंय कुठं?
तर चिडतात.

दहाला मशीनचे आकडे लिहून देते,
नळी खांबाला अडकवते, हात मातीनं धुते.
वास जात नाही.
पन्नासचं माझ्या स्कूटरमध्ये, पैसे मोजून.
तिचा काटा दोन वर्षं एकाच जागी मेलाय,
म्हणून निघण्याआधी हलवून बघते,
अंधारात, कान लावून.
घोटभर वाजतं.

कधी उगवेच्या वळणावर ती अडखळलीच,
तर माझा डावा हात आपोआप खाली जातो.
तिथं काही नाही.
युनिफॉर्मचा खिसा लागतो,
त्यात दिवसभरातली सुटी,
आणि मिंगेलनं दिलेला एक उंडो,
सकाळचा, कडक झालेला.