कक्ष क्रमांक तीन : अध्यापकांचा अभिप्राय

फॉर्म कन्नडमध्ये, खाली बारीक इंग्रजी,
उत्तराला जागा दीड ओळ.
मी पाठच्या कोऱ्या बाजूला मराठीत लिहितेय.
कुणी वाचणार नाही याची खात्री असली
की माणूस बऱ्यापैकी खरं लिहितो.

आसनव्यवस्था समाधानकारक आहे काय?
पाच रांगा, रांगेत आठ मशिनं.
माझ्या टेबलापाशी उभं राहिलं
की चाळीस पडद्यांच्या पाठी दिसतात
आणि त्यांच्यावर नुसते भांग.
कुणाला कळलं, कुणाला नाही
हे सहा वर्षं मी भांगावरून ओळखतेय.
कळलं नाही की भांग हळूहळू खाली जातो,
पडद्याआड मावळतो.

फळा सर्वांना दिसतो काय?
मध्ये खांब आहे.
खांबामागचा सिद्राम कमते म्हणतो,
"मॅडम, तुमचा नुसता आवाज येऊलालाय,
रेडिओ लावल्यागत."
खांब काढता येणार नाही, वर प्राचार्यांची खोली आहे.
म्हणून गेल्या वर्षापासून मी मागे उभी राहून शिकवते.
मागून पडदे दिसतात.
क्रिकेटचा स्कोअर दिसतो,
बेळगाव-बागलकोट गाडीचं वेळापत्रक दिसतं,
आणि अर्ध्यात थांबलेली एक ओळ,
कर्सर लुकलुकतोय,
पोरगं विचारायला लाजतंय.

वीजपुरवठा?
तीनच्या सुमाराला यूपीएस टिटवीसारखा ओरडतो
आणि चाळीस हात एका दमात सेव्ह करतात.
शिस्त म्हणाल तर तेवढीच.

बिघाड?
यावर जरा सविस्तर.
सतरा नंबर जूनपासून बंद होतं.
त्यावर बसायची ती रेणव्वा मुगळी, सौंदत्तीकडची,
खुर्ची ओढून अठरावर गेली,
निपाणीच्या तनुजा कोगनोळेच्या शेजारी.
हिला मराठी येईना, तिला कन्नड मोडकंतोडकं,
आणि माझं इंग्रजी दोघींच्या डोक्यावरून.
लूप शिकवायला मला तीन तास लागले,
बाणाबाणांच्या आकृत्या काढल्या,
रेणव्वा म्हणाली, "तिळीलिल्ल री."

मग तनुजानं माउस बाजूला ठेवला
आणि हवेत बोटं वळायला लागली.
"आई बिड्या वळते नव्हं,
सुपात पान हाय तवर वळायचं.
पंचवीस झाल्या की कट्टा.
कट्टा बांधला की परत एकपासनं.
पान संपलं, उठायचं."
अर्धं मराठी, अर्धं कन्नड, बाकीचं बोटांनी.

रेणव्वा बघत राहिली.
मग म्हणाली, पान संपलंच नाही तर?
तनुजा हसली नाही.
"तर आई उठतच नाही."

पुस्तकात याला एक नाव आहे,
परीक्षेत दोन गुणांना येतं.
मी मागेच उभी होते.
ते नाव त्या दिवशी घेतलं नाही.

दसऱ्यानंतर हुबळीहून माणूस आला,
दहा मिनिटांत सतरा सुरू केलं,
मी सही दिली, शिक्का मारला.
आता रेणव्वा सतरावर, तनुजा अठरावर,
एक मशीन, एक विद्यार्थी,
तपासणी समितीला हवं तसं.
दोन्ही भांग पुन्हा खाली.

एकूण समाधान, एक ते पाच?
आकडा नंतर भरते.

सूचना असल्यास:
खांबाला आरसा लावता येईल काय, बघावं.
यूपीएसची बॅटरी बदलावी.
सतरा नंबरची तक्रार पुन्हा नोंदवून घ्यावी,
बिघाड वारंवार, कारण अज्ञात.

(मंगळवारी माझा तास नऊचा असतो.
शिपाई बाळाप्पा साडेआठला कुलूप काढतो
आणि चहाला जातो.
टेबलाखाली वाकलं की ती काळी केबल हाताला लागते.
अर्धा इंच सैल केली तरी पुरते.)