तालुका : सुपडूनगर

दिवसाला साठ-सत्तर वेळा हे नाव टाइप करतो मी.
रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर :
मु. पो. अमुक, ता. सुपडूनगर, जि. धुळे.
बोटांना आता कीबोर्ड दिसावा लागत नाही.

आधी हे झिरखेडे होतं.
म्हातारे अजून झिरखेडंच म्हणतात.
कंडक्टर नुसतं 'सुपडू, सुपडू' ओरडतो स्टँडवर,
बाजारात हरवलेल्या पोराला हाका माराव्यात तसा.
बदलून आलेले साहेब पहिल्या दिवशी हसतात,
दुसऱ्या दिवशी नवे शिक्के मागवतात.

आवारात अर्धपुतळा आहे.
सुपडू भिला, राज्य झालं तेव्हाचे आमदार.
टोपी एका बाजूला कललेली,
मंत्र्यांची तारीख आधी ठरली होती, साचा नंतर.
खाली जन्मसालापुढे फक्त 'दुष्काळात' असं कोरलंय,
आकडा कुणालाच ठाऊक नव्हता.
म्हणे पहिल्या अधिवेशनाला कळण्याच्या भाकरी बांधून गेले
आणि एकदाच उभे राहिले सभागृहात :
आमच्या माणसाला साध्या उताऱ्यासाठी
दोन दिवस चालायला लागू नये.
बसले.
तहसील आलं ते त्यांच्या मागे एकोणीस वर्षांनी.

परवा खिडकीशी ठगूबाई मालचे,
निराधारच्या पगारासाठी दाखला हवा होता.
अर्ज बाहेरच्या टपरीवर भरून आणलेला, अंगठाही तिथेच.
पुतळ्याकडे मान करून म्हणाली,
'हाऊ आमना शे.'
सगळेच म्हणतात.
'तसा नई, भाऊ. मन्ही आजीनी इकत लिन्हा व्हता त्याले.
सव्वाशेर दादरवर.'

आधीची तीन सटवाईने नेली होती.
चौथं झालं तशी सुईण त्याला फुटक्या सुपात घालून
उकिरड्यावरून फरफटत घेऊन गेली,
वाऱ्याला ऐकू जाईल असं बोलत,
की हा केर आहे, हा कुणाचाच नाही, याला टाकून दिलाय.
मग नाल्यापलीकडे भिलाटीत विकला.
ठगूबाईच्या आजीने कणगीतली दादर मापून दिली
आणि एक रात्र आपल्या पोराशेजारी त्याला पाजलं.
उजाडताना आई आली, पोर घेऊन गेली.
दादर काही परत आली नाही.

मग हिशोब? मी विचारलं.
तिला चार दात होते, चारही दिसले.
'मरन फसनं ना!'

मी गावाचं नाव टाकलं : वडपाडा.
स्क्रीनवर काहीच येईना. पुन्हा टाकलं.
तालुका तोडला तेव्हा हद्द नाल्याच्या मधून गेली,
या काठाला सुपडूनगर, त्या काठाला साक्री.
समोर भिंतीवर नकाशा आहे, अठरा वर्षं आहे.
पूर्वेला वळलेली कड, दोन्ही बाजू उचललेल्या,
पश्चिमेला मोकळा.
वडपाडा त्या मोकळ्या बाजूला, रेघेच्या पलीकडे,
पाखडताना उडून पडावा तसा.
आधी कधी दिसलं नव्हतं मला.

आजी, तुमचं गाव इकडे येत नाही.
साक्रीची गाडी पावणेदोनला. पाटी नीट वाचून घ्या कुणाकडून.
तिने वाद घातला नाही.
पाणी मागितलं, अर्धं प्यायली,
उरलेलं पुतळ्याजवळच्या कडुनिंबाच्या आळ्यात ओतलं
आणि फाटकातून गेली, चुकीच्या बाजूला,
मग कुणीतरी वळवलं तिला.

अर्ज माझ्याकडेच राहिलाय.
अंगठा सहीच्या जागी नाही,
वर, तालुक्याच्या रकान्यात पडलाय.
'नगर' स्वच्छ वाचता येतं,
सुपडू निळ्या शाईखाली.
नियमाने रद्दच्या गठ्ठ्यात जायला हवा.
ड्रॉवरमध्ये आहे सध्या, स्टेपलरच्या खाली.