झडती

एकतीस वर्षं नोटा तपासल्या, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.
शाई फुटलेली, आकडा सरकलेला –
बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना मग.
सुटताना गेटवर शेवंता गायधनी झडती घ्यायची.
डब्याचं झाकणसुद्धा उघडून दाखवायचं,
आत उरलेली अर्धी भाकरी.

आता जेलरोडच्या खोलीत, रात्री,
भाचीच्या जुन्या लॅपटॉपवर
ताऱ्यांचा उजेड तपासते.
कुठल्याशा दुर्बिणीनं सात वर्षांपूर्वी टिपलेला,
सगळ्यांसाठी ठेवून दिलेला.
पासवर्डही मागत नाहीत.
आलेख काढायचं हत्यार तिथंच, फुकट.
पहिल्या रात्री मी पदर सावरून बसले होते,
कुणी हटकेल म्हणून.

ठिपके, ठिपके, सरळ रांग.
मग एके ठिकाणी उजेड किंचित खचतो.
अकरा दिवसांनी पुन्हा, तेवढाच.
खूण करायला गेले तर
तिथं आधीच कुणाची तरी खूण,
नाव मला न वाचता येणाऱ्या लिपीत.
म्हणजे नजर अजून शाबूत आहे.
बोटांना मात्र काहीच कळत नाही.

पहाटे फाईल उतरवून घेतली.
दूध आणायला निघाले,
आख्खा तारा पेनड्राइव्हवर, पर्समध्ये, सुट्ट्या पैशांशेजारी,
आणि प्रेसच्या गेटसमोर
पाय थांबले,
हात आपसूक वर.