शून्य क्षेत्रात

पाषाण, रात्रीचे सव्वादोन.
पंप धापा टाकतोय,
आणि रुहिना अत्तारची साडेचार मिलिग्रॅम काळी पूड
मेणात बुडवून, कुपीत बंद करून
मी खाली सोडली आहे,
जिथे पाच केल्विन आहे आणि दुसरं काहीच नाही.

डिस्प्रोसियम आणि निकेल.
दुर्मिळ मृदा म्हणतात, नावातच बढाई.
तशा फार दुर्मिळ नसतात त्या,
फक्त एकमेकींपासून सुटत नाहीत:
पंधरा जावा एका स्वयंपाकघरात,
कुणाची वाटी कुणाची, आम्लालाही लवकर कळत नाही.

अण्णांचं बुधवारात दुकान होतं,
पासोड्या विठोबाच्या जरा अलीकडे, स्पीकर दुरुस्तीचं.
टेबलाखालच्या डब्यात
मेलेल्या स्पीकरांची काळी कडी.
कुणात किती जीव उरलाय ते पाहायला
अण्णा टाचण्या लावत, एकीला दुसरी, दुसरीला तिसरी.
‘सात,’ म्हणत. ‘वाजेल अजून.’

या पुडीला टाचणी दाखवली तर पूड हसेल.
हिचा एकेक कण म्हणजे अख्खं एक चुंबक,
आणि इतका लहान
की नुसत्या उबेनं त्याचं तोंड फिरतं,
क्षणात कोट्यवधी वेळा, उत्तर, दक्षिण, उत्तर.
थोरलं चुंबक लक्ष्मी रोडनं जातं आणि कुमठेकरनं परततं.
दोन वाटांच्या मध्ये जी जागा उरते
तीच त्याची आठवण.
हे मात्र आल्या वाटेनं घरी जातात, हात हलवत.
क्षेत्र काढलं की शून्य.
राग नाही, लोभ नाही.

पण गारठवा त्यांना.

एकदा क्षेत्र लावून खाली न्यायचं.
कुणीतरी बोट धरल्यासारखे
एकाच दिशेला तोंड करून गोठतात सगळे.
एकदा क्षेत्राशिवाय न्यायचं.
मग ज्याचं तोंड जिकडे, तिकडेच राहतं,
आणि बेरीज काहीच येत नाही.
कण तेच. थंडीही तीच.

आई गेली तेव्हा मी नऊची, शिवदास बारा वर्षांचा.
दुकानात स्टुलं दोनच होती.
मी वाईच्या वसतिगृहात गेले,
लोखंडी खाट क्रमांक चौतीस.

आता तापवत आणायचं, हळूहळू, मिनिटाला एक अंश.
पडद्यावर ठिपके.
एकटे गेलेले तळातून चढू लागतात,
अवघडलेले, उशिरानं,
जणू आत्ता कुठे हाक ऐकू आली.
बोट धरून गेलेले वरून उतरत येतात.
बासष्टला पहिल्यांचं शिखर.
रुहिना खुर्चीत झोपलीय, ओढणी तोंडावर घेऊन.
उठवावं का हिला?

गेल्या मे महिन्यात दुकान रिकामं केलं.
एकेचाळीस अंश, पायरीवर आम्ही दोघं,
मध्ये तो डबा, हातात नीरेचे ग्लास.
शिवदास म्हणाला, ‘तुझं बरं झालं. तू शिकलीस.’
मी म्हटलं, ‘तुझं बरं झालं. तू होतास.’
मग बराच वेळ रिक्षाच बोलत होत्या.
त्यानं डब्यातली दोन कडी ओढून सोडवली,
बोट चिमटलं, शिवी दिली,
आणि एक माझ्या पर्समध्ये टाकलं.
घरी येऊन टाचण्या लावल्या.
चार.

तीन वाजून दहा.
दोन्ही रेषा जवळ येतात, चिकटतात, एकच होतात.
इथून पुढे
कुणाचं बोट धरलं होतं आणि कुणाचं नाही,
हे यंत्र सांगू शकत नाही.
मी कितीदा पाहिलंय हे, पगारच घेते त्याचा.
तरी दर वेळी पुढे वाकते.

‘मिळाल्या?’ ओढणीखालून.
‘एकोणसत्तरला.’
ती उठते, लिहिते, थांबते.
‘चूक किती धरायची, ताई?’
‘दोन अंश,’ मी म्हणते.
‘इकडे किंवा तिकडे.’