दोर

आमच्या गावात वारा सुटला की
नगरपालिकेची माणसं चौकात दोर बांधतात,
या खांबापासून त्या खांबापर्यंत.
पुंता आरेनासला नवं आलेलं माणूस आधी हसतं,
मग टोपी सोडून दोर धरतं.

मिलेन्का माझ्या वर्गात आली मार्चमध्ये.
हजेरीत सतरावं नाव.
बाराव्यापासून तिच्या पोटात गोळा यायचा,
पंधराव्याला हात वर:
‘तिया, बाहेर जाऊ?’
इथली मुलं बाईंना तिया म्हणतात, म्हणजे मावशी.
मावशीला वाटायचं, पोरगी कामचुकार आहे.

मी काय केलं तेही सांगते.
एकदा तिला फळ्यापाशी उभं केलं,
सामुद्रधुनीचा धडा हातात दिला,
म्हटलं, धीर धर आणि वाच.
पंचवीस पोरं. हीटरची घरघर.
तिनं पहिला शब्द उचलला
आणि तो माशाच्या काट्यासारखा घशात आडवा झाला.
अगं, घाबरण्यासारखं काय आहे त्यात?
असं मी विचारलं,
जणू भीती तिनं दुकानातून निवडून आणली होती.
मागच्या बाकावर येर्को हसला.
मीही हसले, थोडंसं.
ते थोडंसं अजून माझ्याकडे आहे.

ऑक्टोबरात एका दुपारी छपरांचे पत्रे बोलायला लागले.
दोन पिशव्या वह्या, त्रेपन्न वर्षांचे गुडघे,
आणि कोपऱ्यावर वाऱ्यानं मला उचललंच.
लोंबकळले दोराला.
मागे त्याच दोरावर लोकरीचे दोन हातमोजे:
मिलेन्का.

दोरानं विचारलं नाही,
बाई, एवढ्याशा वाऱ्याला भ्यायलात?
वारा थांबवलाही नाही त्यानं.
नुसता होता तिथे, ओला, ताठ,
पलीकडच्या बेकरीच्या दारापर्यंत.
‘तिया, एक पिशवी माझ्याकडे द्या!’
तिचा पूर्ण आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

त्या रात्री वह्या तपासल्या नाहीत.
धीर धर, धीर धर.
धरायचा कुठून? त्याचं टोक
कधी दाखवलं होतं मी कुणाला?

मग तिचा बाक दाराजवळ आला.
हजेरी मी डोळ्यांनी घ्यायला लागले, सगळ्यांचीच.
उद्या कुठल्या दोन ओळी वाचायच्या
ते आदल्या दिवशीच चिठ्ठीवर.
आणि आईच्या जुन्या कोटाचं मोठं निळं बटण:
बाकाच्या कोपऱ्यावर ठेवायचं, उठायचं,
पाच मिनिटं व्हरांड्यात. विचारायचं नाही, सांगायचं नाही.
मुख्याध्यापक दोन एवारिस्तो म्हणाले, लाड करताय.
म्हटलं, मग चौकातले दोरही सोडवा,
गाव लाडावतंय.

तरी नोव्हेंबरात ती तीन दिवस आली नाही.
आई आली, खेकड्यांच्या कारखान्यातून थेट,
हातांना मिठाचे चरे.
म्हणाली, रात्री उठून विचारते,
उद्या तोंडातून शब्दच फुटला नाही तर?
तुम्ही काय सांगता मग, मी विचारलं.
काही नाही. पाय चोळते तिचे.
माझ्याकडेही याहून बरं उत्तर नव्हतं.
चहा गार होईपर्यंत बसलो दोघी.

चौथ्या दिवशी ती आली.
शुक्रवारी दोन ओळी वाचल्या, बसूनच,
खिडकीकडे बघत, दुसरी ओळ अर्धी.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
तसं मीच सांगून ठेवलं होतं.

काल बटण तिच्या बाकावर नव्हतं.
येर्कोच्या बाकावर होतं.
त्याच्या बापाची बोट चार दिवस झाले, निरोप नाही.
खुर्ची तिरकी, पेन्सिल जमिनीवर,
आणि पोरगा बाहेर, भिंतीला पाठ लावून.
बटण त्याच्याकडे कसं गेलं, मी विचारलं नाही.

फटीतून वारा येत होता.
मिलेन्का उठली,
त्याच्या पुस्तकाचं फडफडणारं पान सरळ केलं
आणि ते उलटू नये म्हणून
त्यावर आपली पट्टी ठेवली.