बेचाळीस

पंप दोन, खाटा एकोणीस.
म्हणून घड्याळ. छातीवर उलटं टाचलेलं,
सेकंदकाटा जरासा वाकडा,
पण चालतो.

पाचशे मिली, चार तासांत, डॉक्टर लिहून गेले.
सेट वीसचा.
तळहातावर निळ्या पेनानं मांडते:
पाचशे गुणिले वीस. दहा हजार थेंब.
भागिले दोनशे चाळीस.
एकेचाळीस पूर्णांक दोन तृतीयांश.

थँकम्मा मॅडम म्हणायच्या, त्यांच्या त्या मल्याळी हिंदीत,
"दो तिहाई बूँद किसने देखा?
बयालीस लिखो, आगे चलो."
चालले. अकरा वर्षं झाली.
तरी मिनिटागणिक थेंबाचा एक तुकडा
मी जादा देते आहे,
हे डोक्यातून जात नाही.

खाट सात. उद्धवराव लांभाते, एकाहत्तर.
दोन दिवस जुलाब, जीभ लाकडाची.
इंदूर महापालिकेत वॉल्व्हमन होते.
रामबाग, नारायण बाग, मागचा चढ;
पहाटे चारला पाना खांद्यावर टाकून
नर्मदा सोडायला निघायचे.
आता माझ्या अंगठ्याकडे बघतायत.

"किती आटे?"
"आटे नसतात काका, चाक आहे."
"असं? पण हाताला कळतं ना?"
कळतं. हातावर विसंबायचं मात्र नसतं.
एकोणीस, वीस, एकवीस. अर्धं मिनिट.
बरोबर.

"आमच्याकडे पण हिशेब होता," ते म्हणाले,
मध्ये एकदा थांबून, थुंकी गिळायला; ती नव्हतीच.
"लाइनीला चाळीस मिनिटं. कागदावर.
चढावरच्या शेवटल्या दोन घरांत
नळ नुसता खोकायचा.
मग मी वॉल्व्हपाशी बसून बिडी पेटवायचो.
दोनच मिनिटं.
साहेबाला वाटे, याची बिडी लांब आहे."

एक वाजता बघते तर सव्वीस.
झोपेत कोपर दुमडलंय.
हिशेबात कोपर नसतं.
खरगोनची नवी मुलगी, डावर,
टॉर्च धरून ओठ हलवत मोजते,
तिसाला चुकते,
शिवी देते, हळूच, निमाडीत,
पुन्हा एकपासून.
मी कोपर सरळ करते. चाक किंचित.
बेचाळीस.

बाटली चार-दहाला संपायची.
कोपरानं खाल्लेलं नंतर भरून निघालं असावं,
का माझे तुकडे साठले, कोण जाणे,
चार-आठलाच रिकामी.

डोळे मिटलेलेच. सवयीनं जागे.
"सोडलं का पाणी?"
"सोडलं, काका."
"चढापर्यंत?"

खाटेखालून भांडं काढते,
टॉर्चपुढं धरते, डावरला रेघ वाचायला लावते.
दोनशे वीस. गडद पिवळं.
काल सकाळपासूनचं पहिलं.

"पोचलं," म्हणते,
आणि चार्टवर वेळ टाकते.