लोटलीची भट्टी

सोलापूरची भट्टी मी विकली
बांगड्यांवर नक्षी करणाऱ्या एका पोराला,
निम्म्या किमतीत, वर कटरही दिला.
तेव्हा वाटलं, सुटले.
चोर्ला घाटात टेम्पोनं जी वळणं घेतली
त्यात खोक्यांतली काच आतल्या आत बोलत राहिली.
फोंड्यात उतरवली तेव्हा
निळी सगळी शाबूत, पिवळीचं पीठ.

आठ महिने काहीच केलं नाही.
मुडदुशी साफ करायला शिकले,
शेजारणीच्या मांजराचं नाव पाठ झालं.
कुणी विचारलं तर म्हणायचे,
काचेचं काम करायचे.

मग हार्डवेअरवाल्या कामतांनी सांगितलं,
तसली पेटी लोटलीला आहे, केरोबिनाबायकडे.
नवरा निळ्या लाद्या रंगवायचा, अझुलेज.
तो गेला. देईल बहुतेक.

भट्टी बाल्कांवाच्या कोपऱ्यात, जुन्या चादरीखाली.
झाकणावर कोंबडीनं अंडं घातलेलं.
ते बायनं उचललं, गाऊनच्या खिशात टाकलं,
म्हणाली, "चलता आजून. एक कॉइल सोडून."

मी आत डोकं घातलं.
विटा पांढऱ्या नव्हत्या.
चाळीस वर्षांचा कोबाल्ट वाफ होऊन
बसला होता त्यांच्या छिद्रांत,
जास्त नीळ पडलेल्या सदऱ्यासारखा.
आणि तळाच्या फळीला वितळून चिकटलेली एक लादी,
तिच्यावर अर्धं नाव : व्हिला द
पुढे नुसता ओघळ.
"कोणाची?"
"पैसे न देता लिस्बनला गेला त्याची.
आगुश्तीन रागानं तापवत राहिला रातभर.
तू काढून टाक."

पंचवीस हजार म्हणाली.
मी घासाघीस करायच्या आत तिनंच उतरवले,
ब्रशही नेशील तर बावीस.
ब्रश मला नको होते.
नेले.

उल्हास वेळीपनं पिकअपमध्ये पेंढा अंथरला,
वाटेत बोरीच्या पुलावर विचारलं,
"हातूंत पाव भाजतात?"
काच भाजतात.
तो बराच वेळ गप्प. मग, "आनी खातात कोण?"

थ्री फेजचा अर्ज, तीन आठवडे.
शाणू वायरमन मीटरकडे बघून म्हणाला,
ही लावलीत की अख्ख्या वाड्यावरचे पंखे झोपतील.
तोवर मी सामान जमवत बसले :
फिरोजाबादहून काचेच्या रॉड,
फायबर पेपर, फळीला फासायची पांढरी माती,
कटरच्या चाकासाठी बाटलीभर रॉकेल.
पार्सलवर आकडा तपासला दोनदा,
नव्वद की शहाण्णव.
दोन्ही एकाच आचेत वितळतात, एकजीव दिसतात,
आणि तिसऱ्या दिवशी, कपाटात,
कुणी हात न लावता तडकतात.
सोलापुरात एकदा ऐकला होता तो आवाज.
आधी वाटलं, पाल पडली.

लादी मी काढली नाही.
छिन्नी हातात घेतली होती. ठेवून दिली.
तिच्या शेजारी जागा होती पुरेशी.

पहिल्या भाजणीला लावला
स्वयंपाकघराच्या खिडकीचा एक चौकोन.
ती खिडकी शिंपल्यांची, दूधट उजेडाची,
एक शिंपला गळलेला,
तिथे घरमालकानं पुठ्ठा मारलेला.
रात्री साडेदहाला सातशे नव्वद गाठलं,
पंख्यांनी खरंच मान टाकली,
खालून कुणीतरी शिवी दिली, कोकणीत,
मला आता कळते.

पहाटे पाचला फोन.
"उघडलीस?"
नाही बाय, अजून दीडशे आहे.
"तो पण उघडू द्यायचा नाय.
मी चहा घेऊन उभी, तो झाकणावर हात ठेवून.
हात पोळायचा, तरी."
मग ती काही बोलली नाही, मीही नाही,
दोघींनी फोन धरून ठेवला,
तिच्याकडे कोंबडी ओरडली,
माझ्याकडे काटा एकशे अठ्ठेचाळीसवर आला.

आठ वाजता झाकण उचललं.
पारदर्शक काच घातली होती.
एका कडेला, बोटभर,
निळं.